द्वारकाबाईंचं सोवळं

सणसरमध्ये आमच्या भावकीत लग्नाची सुपारी फोडायची म्हटली, की बायका आधी माझ्या चुलतसासूबाईंच्या, द्वारकाबाईंच्या, ओसरीवर येतात. पायरीवर नारळ ठेवतात, हात जोडतात आणि लांबूनच विचारतात, "माई, पोरीचं जमवू का?" द्वारकाबाई म्हणतात, "जमवा." नाहीतर म्हणतात, "थांबा." एवढं बोलून आत निघून जातात. इतकं कमी बोलणारं माणूस चुकणार तरी कधी! गावाची मात्र खात्री आहे, की माईंच्या तोंडून देवच बोलतो.

घरात आम्ही त्यांना जिजी म्हणतो. मी राजलक्ष्मी, त्यांच्या पुतण्याची बायको. बारामतीत शाळेवर शिकवते. माझं देवाशी भांडण नाही, पण माणसाला देव करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. एकदा का माणसाला देव केलं, की त्याच्याजवळ बसून कुणी शेंगा सोलत नाही, सुनेच्या चहाड्या सांगत नाही, की "आज डोकं दुखतंय का गं?" असं विचारत नाही. नारळ ठेवून मोकळे होतात सगळे.

माई व्हायच्या आधी, म्हणजे मी लग्न होऊन यायच्याही आधी, जिजी सगळ्या आळीत चावट म्हणून प्रसिद्ध होत्या. नागपंचमीला दुपारी मारुतीच्या देवळामागं बायका जमायच्या. फेर व्हायचा, झिम्मा व्हायचा, फुगड्या व्हायच्या, पण सगळ्या वाट बघायच्या ती जिजींच्या सोंगाची. नवऱ्याचं, म्हणजे आमच्या सर्जेराव तात्यांचं, पांढरं धोतर नेसून, डोक्याला पटका गुंडाळून आणि काजळाच्या मिशा काढून जिजी साखर कारखान्याचे शेतकी साहेब बनून यायच्या. समोर शेतकरी व्हायच्या शेजारच्या सिंधुबाई. "ह्यो ऊस हाय का जनावराचं कडवळ?" जिजी दरडावायच्या. "सायेब, तुमीच चावून बघा की," सिंधुबाई कमरेत वाकून म्हणायच्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या होत्या. कॅनॉलवर धुणं बरोबर, रानात खुरपणं बरोबर, दोघींची भांडणंसुद्धा तासाभरात मिटायची.

आणि मग ती पंचमी आली. विजयसिंह, जिजींचा धाकटा, तेव्हा कॉलेजात जायला लागला होता. सोंग रंगात आलं होतं. सिंधुबाई काहीतरी बोलल्या, जिजींना हसू आवरेना, पोट धरून त्या हसायला लागल्या आणि हसता हसता एकदम थांबल्या. चेहरा उतरला. पुढच्या क्षणी त्यांच्या हातात पाण्याची कळशी होती आणि ती त्यांनी डोक्यावरून अंगावर ओतून घेतली. पटका, मिशा, धोतर, सगळं भिजलं. बायका आ वासून बघत राहिल्या. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "वारं आलं! द्वारकीच्या अंगात वारं आलं!" झालं. बायकांनी हात जोडले. जिजी कुणाकडं न बघता, निथळत, सरळ घरी चालत गेल्या. दिवस मावळायच्या आत गावाला नवी देवी मिळाली होती.

त्यानंतर जिजी जे जे वागल्या, ते ते त्या देवपणात चपखल बसत गेलं. दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागल्या, तर बायका म्हणाल्या, कडक सोवळं. लग्नाकार्याला जाताना काखेत घोंगडीचं आसन घेऊन जायला लागल्या आणि त्याला कुणाला हात लावू देईनात, तर ते आसन सिद्ध झालं. पंगतीत बसेनात, दाराजवळ एकट्याच बसत, तर माईंना विटाळ चालत नाही. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घेईनात, तर निर्जळी उपास. गडद रंगाची लुगडी नेसायला लागल्या, हसणं सोडलं, ओझं उचलणं सोडलं, हे सगळं वैराग्य ठरलं.

सगळ्यात वाईट केलं ते तात्यांनी. तसा माणूस गरीब. ऊस, सोसायटी आणि म्हशी एवढंच त्यांचं जग. त्यांनी आपली खाट माजघरातून ओसरीवर आणली, सोवळ्याला धक्का नको म्हणून. आणि एके दिवशी सकाळी हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "माई, च्या देता का?" जिजींनी हे मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. म्हणाल्या, "राजे, त्या दिवशी मला कळलं, आता ह्या घरात मला अगं म्हननारं कुनी ऱ्हायलं न्हाय."

सिंधुबाईही बदलल्या. शेजारी राहून त्या आता गप्पांना येईनात, पण येता-जाता पाया मात्र पडायच्या. दोन्ही पावलं घट्ट धरायच्या आणि सोडायला इतरांपेक्षा जास्तच वेळ लावायच्या. मला ती भक्ती अगदीच अति वाटायची. एकदा तोंडावर म्हणालेही, "सिंधुमावशी, पाय दुखत्यात त्यांचे, सोडा आता." त्या उठून गेल्या.

खरं काय ते मला एका हिवाळ्यात कळलं. जिजींना खोकला झाला होता. औषधाला बारामतीला आल्या आणि माझ्याकडं राहिल्या. त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी ते आसन उन्हात टाकावं म्हणून उचललं. आपल्याला कसलं आलंय सोवळं! उलगडून बघते, तर घोंगडीच्या घडीत खताच्या पिशवीतला प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर जुन्या लुगड्याच्या धडप्यांचे थर, ओले. वास कसला आहे हे ओळखायला शाळामास्तरीण असावं लागत नाही.

जिजी न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि माझ्या हातात ते बघून दारातच उभ्या राहिल्या. मला वाटलं, रागावतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मला वास येतो का गं?"

मला रडू आलं. किती वर्षं हा प्रश्न त्या बाईनं मनात धरला असेल आणि विचारायला एक माणूस सापडलं नसेल! मी त्यांना खाटेवर बसवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विजयसिंहाच्या बाळंतपणात पोर मोठं होतं, दोन दिवस कळा दिल्या आणि अंग धरायच्या आतच वैरणीचे भारे डोक्यावर आले. तेव्हापासून शिंकलं, खोकलं, कळशी उचलली, की थेंब थेंब लघवी व्हायची. वय झालं तसं वाढत गेलं. आणि त्या पंचमीला हसता हसता भर खेळात, पांढऱ्या धोतरात.

"कळशी हाताला लागली म्हनून वाचले," जिजी म्हणाल्या. "पानी वतलं, समदं एक झालं. आन वारं आलं म्हनाल्या तर म्हटलं, म्हनू द्या. द्वारकी मुतली म्हनन्यापरीस बरं."

"पण नंतर तरी कुणाला सांगायचं की."

"काय सांगायचं? हसले म्हनून मुतले?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. वर लोकांनी हळदीकुंकू लावलेलं.

मी त्यांना बारामतीतल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, की हे दुखणं घरोघरी आहे, फक्त बायका बोलत नाहीत. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले. जिजींनी ते नेमानं केले, थोडा फरक पडला. पुढचा उपाय लघवीच्या वाटेखाली आधाराची पट्टी बसवायच्या ऑपरेशनचा होता, पण त्याला जिजी तयार होईनात. माहेरी एका बाईची पिशवी काढली होती आणि ती पुन्हा उठली नाही, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुण्यात एका इस्पितळात या दुखण्यावर मूळपेशींच्या उपचाराचा अभ्यास चाललाय, हवं तर जाऊन बघा.

तिथल्या डॉ. वल्लरी वयानं माझ्यापेक्षाही लहान, पण समजावायला कधी कंटाळल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि लघवी धरून ठेवणारा जो स्नायू सैल पडलाय त्यात सुईनं सोडायच्या. जिजी ऐकत होत्या. मला वाटलं, सगळं डोक्यावरून गेलं असणार. पण त्या म्हणाल्या, "म्हंजी टिश्यू कल्चरच्या उसावानी. इवलासा तुकडा बाटलीत वाढवायचा आन रानात लावायचा." डॉ. वल्लरी हसल्या. "हो. पण उसाचं जमलंय, ह्याचं जमतं का ते आम्ही अजून बघतोय. आणि एक नीट ऐका. निम्म्या बायकांना पेशी मिळतील, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. कुणाला काय मिळालं हे अभ्यास संपेपर्यंत तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. पाणी मिळू शकतं हे मान्य असेल तरच या. आणि बाहेर कुणी पैसे घेऊन खात्रीनं बरं करतो म्हणालं, तर त्या दारात जाऊ नका."

जिजींनी विचार केला. "देवाच्या दारात तरी दुसरं काय असतंय," त्या म्हणाल्या आणि तयार झाल्या.

घरी तात्यांना काय सांगायचं? मी म्हटलं, खरं सांगू. जिजी म्हणाल्या, "न्हाय. बरी झाले, तर मीच सांगंन." मग आमच्या पुण्याच्या खेपांना गावानं आपोआप नाव दिलं, माईंचं अनुष्ठान. मांडीचा तुकडा काढल्यावर जिजी चार दिवस लंगडत चालल्या, तर माई एका पायावर उभं राहून जप करतात अशी बातमी पार अंथुर्णे गावापर्यंत गेली. मला हसावं का कपाळ बडवावं कळेना.

जिजींचं मात्र एकच चाललं होतं. येताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "राजे, मला काय लई नको. एका पंचमीला सोंग काढायचंय आन सिंधीपुढं पोटभर हसायचंय. मग मेले तरी चालंल." ही बाई गावात देव म्हणून बसली होती आणि देवाकडं मागत होती ते एवढंच.

इस्पितळात एकदा गंमत झाली. बाहेरच्या बाकांवर बायका आपापल्या पदरात तोंड घालून बसल्या होत्या, सगळ्या एकाच दुखण्याच्या आणि सगळ्या गप्प. त्यातली एक ठसकेबाज बाई अचानक म्हणाली, "माझं शिंकेनं होतं. तुमचं कशानं?" दुसरी म्हणाली, "माझं जिना चढताना." कुणी म्हणालं खोकल्यानं, कुणी म्हणालं नातवंड उचलताना. जिजी शेवटी म्हणाल्या, "माझं हसन्यानं." त्यावर जो हशा पिकला म्हणता! जिजी बाक धरून हसत होत्या, बाकीच्या मांड्या आवळून हसत होत्या, आणि एकेक उठून संडासाकडं पळत होती. इतकी वर्षं घरात वावरूनही जिजींचा हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तिथं. परतताना मोरगाव मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "त्या बाया पुन्यांदा भेटत्याल का गं?" पण पुढच्या वेळी प्रत्येकीची तारीख वेगळी होती. बाकावर आम्ही दोघीच बसलो होतो.

सुई देऊन झाली. महिने गेले आणि खरंच फरक पडायला लागला. जिजींनी माझ्या घरी खोकून बघितलं, कोरडं. भरलेली बादली उचलली, कोरडं. एके दिवशी गावाला निघताना माझ्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि घटाघट प्यायल्या. प्रवासाला निघताना पाणी पिणाऱ्या जिजी मी कधी बघितल्या नव्हत्या. "लागलं बग रोप," त्या म्हणाल्या. पंचमी जवळ आली होती. त्यांनी ट्रंकेतलं ते धोतर काढलं, नीळ देऊन धुतलं, घडी करून उशाखाली ठेवलं.

आणि पंचमीच्या तोंडावर डॉ. वल्लरींचा निरोप आला, की अभ्यास संपला, एकदा येऊन जा. आम्ही गेलो. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जिजींना पेशी मिळाल्या नव्हत्या. खारं पाणी मिळालं होतं.

"मग मी बरी कशी झाले?" जिजींनी विचारलं.

"व्यायामानं बरंच झालं असेल. बाकीचं म्हणाल तर आपली काळजी घेतली जातेय, एवढ्यानंसुद्धा फरक पडतो. पाणी मिळालेल्या बायकांनाही बरं वाटलं आणि पेशी मिळालेल्यांनाही जवळपास तेवढंच. म्हणजे पेशींनी जास्त काही केलं, असं आज तरी म्हणता येत नाही." मग त्या म्हणाल्या, "वाईट मलाही वाटतंय, द्वारकाबाई. पण व्यायाम सोडू नका. आणि ऑपरेशनचं पुन्हा बोलू, ते तुम्हाला वाटतं तेवढं मोठं नसतं."

मला खूप राग आला होता, पण तो काढायला माणूस सापडेना. डॉ. वल्लरींनी सगळं आधीच सांगितलेलं. त्याच आठवड्यात जिजींना शिंक आली आणि लुगडं भिजलं. पहिल्याइतकं नाही, पण भिजलं. पाणी होतं हे कळल्यानं झालं, का व्यायाम चुकला म्हणून, का ते मधूनमधून होणारच होतं, कोण सांगणार? धोतर परत ट्रंकेत गेलं.

पंचमीला मी मुद्दाम सणसरला गेले. जिजींना त्या दिवशी एकटं सोडवेना. दुपारी देवळामागून स्पीकरवर गाणी ऐकू येत होती. आता सोंगबिंग कुणी काढत नाही, तरुण पोरी मोबाइलवर नाच काढतात. जिजी ओसरीवर आपल्या आसनावर बसून कान तिकडं लावून होत्या. तात्या रानात गेले होते. मी आतल्या चुलीशी चहा ठेवत होते, तेवढ्यात पायरीवर सिंधुबाई आल्या. मधलं दार उघडंच होतं. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

नेहमीसारखी त्यांनी पावलं धरली. मग खाली बघतच म्हणाल्या, "माई, एक मागायचंय."

"माग."

"मलाबी तुमच्यावानी सोवळं द्या. आन एक आसन द्या. मला आता चारचौघींत बसवत न्हाय."

जिजींनी त्यांच्याकडं नीट बघितलं. पंचमीचा सण, बायका हिरव्या-पिवळ्यात आणि सिंधुबाई काळपट निळ्या लुगड्यात. मांडीवर मांडी घट्ट दाबून पायरीच्या कडेला अवघडून बसलेल्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

"सिंधे," जिजी म्हणाल्या, "जरा खोकून दाखव."

सिंधुबाई खोकल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी कळलं तुला," त्या म्हणाल्या. कितीतरी वर्षांनी त्या जिजींना 'तू' म्हणत होत्या.

"कवापास्नं?"

"झाली की दोन-तीन वर्सं."

मग जिजींनी जे गावात कुणाला, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. "सिंधे, मला कंदीच वारं आलं न्हवतं. त्या दिशी मी..."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"तुजं धोतर भिजल्यालं मी बघितलं न्हवं का! मीच समोर हुते. कळशी तुज्या हातात कुनी दिली? आन बाया टकामका बघाय लागल्या, तवा वारं आलं म्हनून वरडलं कोन? मला दुसरं काय सुचंना बग."

चहा उतू जाऊन चुलीत पडला तरी मी जागची हलले नाही. सिंधुबाई बोलत होत्या. "म्हटलं, दोन दिसानं विसरत्याल समदी. तर गावानं तुला देव्हाऱ्यातच बसवली. रोज वाटायचं, आज तू आपनहून बोलशील. तू काय बोललीस न्हाय. आन मी बोलले असते, तर तुज्या जिवाला लागलं असतं."

"आन मग इतकी वर्सं माज्या पाया का पडत हुतीस? समदं म्हाईत असून?"

सिंधुबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि जराशा रागानंच म्हणाल्या, "दुसरं कुठं हात लावू देत हुतीस?"

जिजींनी पाय आत ओढून घेतले आणि हात पुढं केला.